एका चुलीवरची माणसं

आई,

तुला पत्र लिहायची सवय मोडून इतकी वर्षं झाली की पहिलं वाक्य काय लिहायचं तेच सुचेना. तू होतीस तेव्हा निळ्या घडीच्या कागदावर "तब्येत बरी, थंडी फार" एवढं लिहिलं की काम भागायचं. आता तूच नाहीस तर तब्येतीचं सांगायचं कोणाला? तरी सांगते. तब्येत बरी आहे, थंडी फारशी नाही, मे महिना आहे, आणि मी दमले आहे. एक दिवस झोपून उठलं की उतरेल असं हे दमणं नाही गं. कंटाळून, वैतागून, पाय ओढत चालल्यासारखी दमले आहे. लंडनला, हाउन्सलोच्या घरी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून लिहितेय. डोक्यावरून विमानं जातायत, आणि विमान गेलं की वाक्य तुटतं, मग परत पहिल्यापासून वाचायचं. आज रविवार. संध्याकाळपर्यंत मला तुझ्या नातवाला हो किंवा नाही सांगायचंय, आणि काही केल्या सांगता येत नाहीये. तुला विचारावंसं वाटलं, कारण या बाबतीतला अनुभव आपल्या घरात फक्त तुला होता.

प्रकरण असं आहे. तुझे जावई गेल्यापासून मी या घरात एकटी. युनिव्हर्सिटीने आमचा अख्खा विभाग आवरायला घेतलाय. "स्वेच्छेने" निघा असं इतक्या गोड भाषेत सांगितलं की मी निघालेच. तेव्हापासून तुझा नातू मागे लागलाय, हे घर विक आणि आमच्याकडे स्लाऊला ये. त्याच्या घरामागे बाग आहे, तिथे घराला जोडून माझ्यासाठी खोली काढायची म्हणतोय. तो आणि सून दोघंही तिथल्याच औद्योगिक वसाहतीतल्या ऑफिसात नोकरीला आहेत, दोघं कष्टाळू आहेत, स्वभावाने चांगली आहेत, नाव ठेवायला जागा नाही. सून इथेच जन्मलेली. मराठी तिला ताटाभोवतीचं तेवढं येतं, पण मला "अहो आई" म्हणते, आणि ते "अहो" इतकं जपून म्हणते की मलाच अवघडायला होतं. मागच्या रविवारी दोघांनी लॅपटॉपवर प्लॅन दाखवला. "आई, तुझा खोली मस्त मोठा आहे," मुलगा त्याच्या मोडक्या मराठीत म्हणाला. "बाथरूम आतच आहे. हीटिंग फ्लोअरमधून येणार. फक्त किचन नाही करू शकत. आर्किटेक्ट म्हणतो, हॉब टाकला की कौन्सिल म्हणणार हे सेपरेट घर आहे, मग सगळा प्लॅनिंग परत, कौन्सिल टॅक्स पण वेगळा. केटल चालेल. मायक्रोवेव्ह पण चालेल, आय थिंक." मी म्हटलं, "म्हणजे चूल नाही?" सुनेने विचारलं, "अहो आई, चूल म्हणजे?" आणि मला एकदम हसू फुटलं. त्या दोघांना वाटलं मला खोली आवडली. मी म्हटलं, विचार करून सांगते. आठवडाभर तेच करतेय.

हसू का आलं ते तुला कळेल. चुली मोजणं हा तर आपल्या घरचाच धंदा. कराडला नगरपालिकेच्या शाळेत तू शिकवायचीस आणि जनगणना आली की सगळ्या बाईमास्तरांना दारोदार धाडायचे. मी तुझ्यामागे छत्री धरून. घर म्हणजे छप्पर नव्हे, हे तू मला तेव्हाच सांगून ठेवलं होतंस. एका चुलीवरचं जेवतात ते एक कुटुंब. प्रत्येक दारात तू पदर सारखा करून विचारतेस, "चुली किती?" आणि बाया आतून उत्तर देतात. त्या एका घरात, दोन भाऊ होते बघ, थोरली जाऊ म्हणाली, "एकच की बाई." मी तोवर मागच्या पडवीत पाणी प्यायला गेलेली. तिथून ओरडले, "आई, दोन आहेत! मी बघितल्या!" तू माझ्या दंडाला असा काही चिमटा काढलास की वळ उठला. आणि लिहिलंस काय, तर एक. रस्त्याला लागल्यावर म्हणालीस, "ती बाई एक म्हणाली ना? मग एक. लोकांच्या भांड्यात डोकवायचं नाही. ज्या दिवशी त्यांना दोन म्हणावंसं वाटेल त्या दिवशी त्या म्हणतील." मी रडत रडत घरी आले. आणि पुढे केलं काय? पगार घेऊन, देशोदेशी फिरून, लोकांच्या भांड्यात डोकावत राहिले.

मला चीनच्या खेड्यांवरचं काम मिळालं तेव्हा तू फोनवर म्हणाली होतीस, "आपल्याकडे गरिबी कमी पडली का गं, की तिकडची बघायला निघालीस?" त्याचं धड उत्तर मी तुला कधी दिलं नाही. खरं उत्तर साधं होतं. नोकरी होती ती. माझ्या प्रोफेसरांना युन्नानच्या डोंगरात घरोघर जाऊन बसणारं माणूस हवं होतं. घर कशावर चालतं, मका किती, अक्रोड किती, डुकरं किती, कोणता मुलगा कुठल्या शहरात बांधकामावर गेलाय आणि तिथून काय पाठवतो, हे सगळं विचारायचं. भाषा शिकायची माझी तयारी होती, आणि मला शेणाचा वास चालत होता. दुसऱ्या कोणाला चालला नाही. माझी चिनी ऐकून तिथले लोक अजून गालात हसतात, आणि डोंगरातली बोली तर मला आलीच नाही, म्हणून तालुक्याच्या गावची एक मुलगी कायम माझ्याबरोबर असायची. ती मुलगी आता स्वतः प्राध्यापक आहे. पहिल्याच फेरीत मला कळलं की कोण काय कमावतं हे लोक भडाभडा सांगतात. कोण कोणाबरोबर जेवतं हे विचारलं की सगळे छताकडे बघतात. तेव्हा मला तू आठवलीस. मी ठरवलं, आपण आपला घरचाच प्रश्न विचारायचा. चुली किती?

आणि मग जी फजिती झाली! एका अंगणात शिरले तर दोन ठिकाणांहून धूर. घरातली बाई माझ्याहून वीसेक वर्षांनी मोठी, डोक्याला निळं फडकं, हातात कोयता. मी विचारलं, "चुली दोन का?" "दोन." मी मनात म्हटलं, वा, वाटणी झालेली दिसतेय. "त्या दुसऱ्या चुलीवरचं कोण जेवतं?" ती म्हणाली, "ते सगळे." "ते शेतात मदत करतात?" "कसली मदत! खातात आणि लोळतात." मी सहानुभूतीने मान हलवली. आपल्याकडेही असतात असे दीर. "मग कामाला बाहेरगावी जातात का?" "हिवाळ्यात जातात." "कुठे?" तिने कोयता आपल्या गळ्यापाशी धरून आडवा फिरवला. माझ्याबरोबरची मुलगी तोपर्यंत उंबऱ्यावर बसून पोट धरून हसत होती. अगं, ती चूल डुकरांची होती! तिकडे डुकरांना कच्चं घालत नाहीत, पाला, कोंडा, रताळी, सगळं मोठ्या कढईत शिजवून घालतात, आणि त्यासाठी चूल वेगळी मांडतात. मी तुला फोनवर हे सांगितलं तेव्हा तू ठसका लागेपर्यंत हसलीस. "डुकरांचं वेगळं बिऱ्हाड मांडून दिलंस की गं!" पुढे कित्येक दिवस तू फोन उचलला की पहिलं विचारायचीस, काय म्हणतायत तुझे भाडेकरू. त्या बाईनेही मला कधी सोडलं नाही. मी अंगणात दिसले की ती त्या कढईकडे बोट दाखवून ओरडायची, "घे लिहून, तुझं कुटुंब जेवायला बसलंय!"

त्याच बाईच्या घरी मी खरी वाटणी बघितली. धाकट्याचं लग्न झालं तशी दोन भावांची घरं वेगळी करायची ठरली. तिचा भाऊ, म्हणजे पोरांचा मामा, मधोमध स्टुलावर बसला. भांडी, जमीन, अक्रोडाची झाडं, सगळं दोन्हीकडे गेलं. मग म्हातारीने, म्हणजे पोरांच्या आईने, जुन्या चुलीतले निखारे एका तव्यात घेतले आणि नव्या चुलीत नेऊन घातले, फुंकर तिनेच मारली. सगळ्यांनी खाल्लं-प्यालं. मला वाटलं, झालं. तर मामा म्हणाला, आता आईबाप. बाप थोरल्याच्या चुलीवर, आई धाकट्याच्या. अशीच तिकडची रीत, कोणा एकावर दोघांचा भार नको. भांडण नाही, आवाज नाही. म्हातारा-म्हातारी दोघं हं म्हणाली. त्यानंतर मी जेव्हा जेव्हा गेले तेव्हा पाहिलं, एकाच अंगणात राहणारी ती दोघं, पण जेवणाला दोन दिशांना जायची. जेवण झालं की दोघं मधल्या भिंतीपाशी येऊन टेकतात, म्हातारा वाडग्यात झाकून आणलेला खारवलेल्या मांसाचा तुकडा तिच्यापुढे धरतो, ती त्याला शिव्या देत देत खाते. मी हे सगळं लेखात लिहिलं, "ज्येष्ठांच्या निर्वाहाची विभागणी" असं भारदस्त नाव देऊन. नाव देताना लाज नाही वाटली. आता वाटते थोडी. पुढे म्हातारा गेला, थोरला समुद्राकडच्या कुठल्याशा कारखान्यात बायकोला घेऊन गेला, आणि म्हातारीने धाकट्याच्या घरात असतानाच आपली तिसरी चूल मांडली. एका माणसाची.

म्हणूनच मला दादाच्या फ्लॅटमधली ती ड्राय बाल्कनी बघून दचकायला झालं होतं. बाबा गेल्यावर तू पुण्याला त्याच्याकडे आलीस. मी सुट्टीला आले तर वॉशिंग मशीनच्या शेजारी तुझी एका बर्नरची शेगडी, छोटा कुकर, कढई, भिंतीला लावून डबे. वरती वाळत घातलेले कपडे, खाली तू, दाणे भाजतेस. दादा मला खाली पार्किंगमध्ये घेऊन गेला. "तू तरी समजाव तिला. लोकांना वाटतं आम्ही जेवायला घालत नाही." वहिनीचे डोळे सुजलेले दिसत होते. मी वर आले, बादली पालथी घालून तुझ्याशेजारी बसले आणि विचारलं, "का गं हे?" तू म्हणालीस, "मला माझ्या वेळेला लागतं." आणि दाणे हलवलेस. बस्स. परमुलखातल्या बायांना खोदून खोदून विचारणारी मी, तुला दुसरा प्रश्न काही विचारू शकले नाही. सांगितलं तेवढंच लिहायचं, हे तूच शिकवलेलं. पण मला कधी कळलं नाही आई, ती तुझी मौज होती की रुसवा? दादाला सांभाळून घेत होतीस की स्वतःला? तुला तिथे बरं वाटत होतं का? दादालाही माहीत नाही. तू गेल्यावर आम्ही दोघांनी एकदा यावर बोलून बघितलं, आणि दोघंही चिडलो, म्हणून सोडून दिलं.

तिकडे डोंगरातली ती वाडी आता नाही. दरड कोसळायची भीती, रस्ता नाही, म्हणून सगळ्या घरांना सरकारने खाली हमरस्त्यालगत फ्लॅट दिले. फुकटच म्हणायचे. नळाला पाणी, खाली दवाखाना, पोरांना शाळा जवळ. मी कौतुक करणार नाही आणि नावंही ठेवणार नाही, दोन्ही करणाऱ्यांची रांग लागलेली आहे. डुकरं मात्र फ्लॅटमध्ये नेता येत नाहीत. निखारेही नेता येत नाहीत, तिथे इंडक्शनचा स्टोव्ह. आमच्या अभ्यासाची शेवटची फेरी झाली तेव्हा प्रोजेक्टच्या प्रमुखांनी ठरवलं की आता चुलीबिली नको, एक फ्लॅट म्हणजे एक कुटुंब, हिशेबाला सोपं पडतं. मी टीम्सवरच्या मीटिंगमध्ये भांडले. म्हटलं, धाकटा आता ट्रक चालवतो, सून दुकानात आहे, त्या घराचं बरं चाललंय, पण म्हातारी तिच्या खोलीत विजेच्या भांड्यात वेगळं शिजवते. तिला त्यांच्यात धरलं की ती गरीब आहे की नाही तेच दिसेनासं होतं. तिचं पोट तिच्या हातात, तिच्या पेन्शनीवर आणि रस्त्याकडेला लावलेल्या भाजीवर. प्रमुख म्हणाले, "पॉइंट टेकन." पॉइंट टेकन म्हणजे काय ते मला या देशात राहून चांगलं कळलंय. म्हातारी तळटीपेत गेली. मी कॅमेरा बंद केला आणि कप धुवायला उठले. नोकरी सोडायच्या कागदावर मी सही केली ती त्याच आठवड्यात.

पण मला राहवेना. या वसंतात, म्हणजे माझं काम संपल्यावर, मी तालुक्याच्या गावच्या त्या मुलीला म्हटलं, मला आजींशी एकदा बोलायचंय, अभ्यासासाठी नाही, असंच. ती बिचारी सुट्टीच्या दिवशी गेली. व्हिडिओवर म्हातारी दिसली, तेच निळं फडकं, मागे पांढरीशुभ्र भिंत, पलंगाशेजारच्या टेबलावर भांडं वाफाळतंय. माझं तोंड बघून पहिल्यांदा तिने विचारलं, "तुझं कुटुंब कसं आहे?" आणि स्वतःच खदखदून हसली. मग मी विचारलं. तुला विचारायचा होता तो दुसरा प्रश्न, तिला विचारला. "सून नीट देत नाही का जेवायला?" "देते की. चांगली देते. माझ्यासाठी तिखट कमी करते. तेच तर नको मला. मी बसले की सगळ्यांचं जेवण मिळमिळीत, कोणी बोलत नाही, सगळे माझ्या वाडग्याकडे बघतात, संपतंय की नाही. मी काय आजारी आहे?" "मग एकटीचं बरं वाटतं?" तिने जरा विचार केला. माझ्या प्रश्नांवर ती कधी विचार करायची नाही, फटकन बोलायची. म्हणाली, "शिजवताना बरं वाटतं. खाताना नाही." मग थांबून, "रोज संध्याकाळी सून दारात येते, विचारते, येताय का आमच्यात? मी म्हणते, नको, माझं झालं. कधी कधी झालेलं नसतं. पण मध्ये एकदा पाहुणे होते, ती विचारायला विसरली. त्या दिवशी माझ्याच्याने घास गिळवेना. मुद्दाम नव्हती विसरली ती. मला माहीत आहे. तरी नाही गिळवला." आणि मग भांड्याचं झाकण उघडून बघत, सहज, म्हणाली, "तुझ्याकडे कोण येतं विचारायला?" ती मुलगी भाषांतर करताना अडखळली. मला तर बोली न कळतासुद्धा कळलं होतं. मी म्हटलं, आवाज तुटतोय, नेटवर्क खराब आहे.

तर आज सकाळपासून मी इथे बसून ठरवतेय की चुलीशिवायच्या खोलीत जायचं की नाही. आठवडाभर मी स्वतःशी काय काय भाषणं केली सांगू! माझी चूल, माझा हक्क, या वयात मी मायक्रोवेव्हवर जगू का, मी कोणाच्या वेळेला का जेवू, आईने बघ कसं बाणेदारपणे वेगळं मांडलं. एखादा लेख होईल इतकं. मैत्रिणीला वेम्बलीला फोन केला, तीही म्हणाली, "अजिबात जाऊ नकोस, स्वयंपाकघर सोडलं की संपलं." मला बरं वाटलं. आणि मघाशी चहा करायला उठले, तेव्हा या भाषणांचा अगदी वीट आला. कारण ती सगळी थापेबाजी आहे. तुझे जावई गेल्यापासून माझ्या घरात चूल पेटते कुठे? किटली, टोस्टर. सिंकपाशी उभी राहून टोस्ट खाते, चुरा सरळ खाली पडतो म्हणून. कधी सुपरमार्केटमधला डबा गरम करते, अर्धा खाते, अर्धा टाकते. फोडणीला घातलेला हिंग शेवटचा कधी नाकात गेला आठवत नाही. मुलगा फोनवर विचारतो, "आई, आज काय केला जेवायला?" आणि मी म्हणते, "आमटी-भात." रोज आमटी-भात. त्याला कधी शंकाही आली नाही की दुसरं काहीच कसं करत नाही ही बाई. म्हणजे मी आठवडाभर ज्या चुलीसाठी भांडतेय ती थंडगार पडलीय आणि तिच्यावर मी टपाल ठेवते. आणि आता मला भीती वाटतेय आई, त्या ड्राय बाल्कनीत मी नसताना तुझंही असंच चालायचं का? आम्ही गेलो की दाणे भाजणं थांबायचं का? ते तू मला सांगणार नाहीस. मीच माझ्यापुरतं ओळखलं आणि संध्याकाळची वाट न बघता मुलाला फोन लावला.

"हाय आई! तू डिसाइड केला?" "हो. येते मी. बांधा खोली." "रिअली?" तो इतका खूश झाला की मला कसंतरीच झालं. "आणि किचन? मी आर्किटेक्टला परत विचारतो, तो म्हणाला मे बी नंतर..." "नको विचारूस. नको मला ते. पण एक अट आहे." "काय?" "रोज जेवायला हाक मारायची. फोनवर मेसेज नाही, दारात येऊन. दोघांपैकी कोणीही. मी नको म्हणेन. म्हणणारच. तरी दुसऱ्या दिवशी परत यायचं." मग त्याच्या स्वच्छ, सरळ इंग्रजी डोक्याने विचारलं, "पण आई, तू नको म्हणणार तर मग का विचारायचं?" मी म्हटलं, "तरी विचारायचं." "ओके," तो म्हणाला. त्याला कळलं नाही, पण सुनेला मागे कुठेतरी ऐकू गेलं असावं, कारण ती म्हणाली, "आय गेट इट," आणि मग जपून, "अहो आई, मी येणार विचारायला." मग मुलाने नेहमीसारखं विचारलं, "तू आज काय केला जेवायला?" आमटी-भात अगदी ओठावर आला होता. मी म्हटलं, "काही नाही." "काही नाही म्हणजे? दोन वाजून गेले, आई. सकाळी काय खाल्ला?" "काही नाही." मग तो म्हणाला, "जेवायला ये ना. आत्ता ये. आम्ही अजून बसलो नाही. मी गाडी घेऊन येतो." मी म्हटलं, येते, पण गाडी नको, एक्क्याऐंशी नंबरची बस दारातून मिळते, तुम्ही ताटं घ्या.

हे पत्र पाठवायला पत्ता नाही, आणि असता तरी पाठवलं नसतं, कारण तू वाचून मला लांबूनच चिमटा काढला असतास. चपला घातल्यात. लिहिता लिहिता एक बस गेली, पुढची पकडेन. एवढंच सांगायचं राहिलं. तो ये म्हणाला तेव्हा सवयीने माझ्या तोंडात नको आलं होतं, मी ते गिळलं. मला फार भूक लागली आहे गं.